माइनक्राफ्टमधील हरितगृह: काचेकडून काय अपेक्षावे आणि जमिनीकडून काय

प्रश्न थोडक्यात असा आहे. माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी (ब्लॉकांनी) बांधकाम करण्याच्या संगणक-खेळातल्या बर्फाळ मैदानात, आतून 13 बाय 13 ब्लॉकांचे काचेचे घर बांधले, एका भिंतीलगत पाण्याचा चर खणला आणि उरलेल्या सगळ्या जागेत गहू पेरला. चराजवळचा गहू कसाबसा वाढतो, पलीकडच्या भिंतीकडचा फारच रेंगाळतो आणि कापणीनंतर तिथली जमीन पुन्हा साधी माती होऊन बसते. घरात पुरेशी ऊब धरत नसेल का, आणि त्यासाठी दुहेरी काच, भट्ट्या किंवा लाव्हा यांचा उपयोग होईल का?

ऊब हे कारण नाही, आणि काच कितीही जाड केली तरी फरक पडणार नाही. मूळ माइनक्राफ्टमध्ये गहू, गाजर, बटाटा किंवा बीट यांची वाढ ठरवताना तापमान मोजलेच जात नाही. पेटलेली भट्टी, लाव्हा, शेकोटी यांपैकी कशानेही पिकाला ऊब लागत नाही. त्यांचा प्रकाश तेवढा उपयोगी पडतो. तळेगाव दाभाडे परिसरातील गुलाबाची पॉलिहाऊस ज्यांनी पाहिली आहेत, त्यांच्या मनात हरितगृह म्हणजे तापमान आणि आर्द्रता यांवर ताबा, हे समीकरण पक्के असते, आणि म्हणून खेळातही काचेचे घर बांधताच आत ऊब येईल, अशी अपेक्षा आपोआप तयार होते. या खेळात मात्र पिकाची गती तीन गोष्टींवर ठरते: मुळाखालची जमीन ओली आहे की कोरडी, शेजारच्या आठ ब्लॉकांत काय आहे, आणि रोपावर प्रकाश किती पडतो. आपल्या घरात यांपैकी पहिल्या दोन गोष्टी बिघडलेल्या आहेत, आणि दोन्ही एका बैठकीत दुरुस्त होण्याजोग्या आहेत.

तरीही बर्फाळ प्रदेशात काचेचे छत निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. तिथे उघड्यावरचे पाणी गोठते. ज्या पाण्याच्या ब्लॉकावर थेट आकाश आहे, ज्याच्या निदान एका बाजूला पाण्याखेरीज दुसरा ब्लॉक आहे आणि ज्याच्यावर दिव्यांचा प्रकाश (खेळात तो 0 ते 15 असा मोजतात) 10 पेक्षा कमी आहे, त्याचे कधी ना कधी बर्फ होते. आणि बर्फ शेजारच्या जमिनीला ओलावा देत नाही. त्यामुळे उघड्या शेतात संध्याकाळी ओतलेले बादलीभर पाणी सकाळी गोठलेले दिसते, जमीन सुकत जाते आणि दोष थंडीला दिला जातो. पाण्यावर काचेचे छत आले की ते गोठत नाही, कारण हवामानाचा परिणाम त्या रकान्यातल्या सर्वांत वरच्या ब्लॉकापर्यंतच पोहोचतो, आणि तो ब्लॉक आता काच असतो. म्हणजे हरितगृहातली काच पिकाचे रक्षण करीत नसून पाण्याचे रक्षण करते. हे एकदा ध्यानात आले की फक्त पाण्याच्या ब्लॉकावर एक स्लॅब (अर्ध्या उंचीचा ब्लॉक) ठेवूनही बर्फाळ प्रदेशात उघड्यावर शेती करता येते, हेही लक्षात येईल. काचेचे घर त्यापुढची सोय आहे: मॉब (खेळातले राक्षस आणि प्राणी) आत शिरत नाहीत, सशांनी गाजरे खाण्याचा त्रास राहत नाही, उड्या मारत फिरणारी जनावरे वाफे तुडवत नाहीत, आणि बर्फाच्या पांढऱ्या पसाऱ्यात हिरवा चौकोन पाहण्याचे सुख मिळते, ज्याला मी स्वतः कमी लेखत नाही.

काचेचा एक तोटाही सांगायला हवा. उघड्या शेतात पाऊस पडला की जमीन पाण्यावाचूनही ओली होते. छताखाली पावसाचा हा आयता ओलावा मिळत नाही. ज्या प्रदेशात नेहमी पाऊस पडतो, तिथे काच घातल्यावर पाण्याची सोय अधिक काटेकोर करावी लागते. बर्फाळ मैदानात पाऊस पडतच नसल्यामुळे आपल्याला हा प्रश्न नाही, पण हीच रचना पुढे दुसऱ्या प्रदेशात न्यायची असेल तर हे लक्षात ठेवावे.

आता पाणी. पाण्याचा एक ब्लॉक चारही दिशांना, तिरप्या दिशाही धरून, चार ब्लॉकांपर्यंतची नांगरलेली जमीन ओली ठेवतो. पाणी जमिनीच्या पातळीत असावे किंवा तिच्यापेक्षा एक ब्लॉक वर. खालच्या पातळीतले पाणी उपयोगाचे नाही. याचा अर्थ, मधोमध एक पाण्याचा ब्लॉक असलेला 9 बाय 9 चा चौकोन पूर्ण ओला राहतो आणि त्यात 80 ब्लॉक पिकाखाली येतात. आपल्या घरात चर एका भिंतीला चिकटून असल्यामुळे त्याचा ओलावा पुढच्या चार ओळींपर्यंतच जातो. चर वजा जाता उरलेल्या बारा ओळींपैकी आठ ओळी, म्हणजे 156 पैकी 104 ब्लॉक, कायम कोरडे आहेत. कोरड्या जमिनीवर रोप उभे असेपर्यंत ती तशीच राहते, पण कापणी करून जागा रिकामी ठेवली की काही वेळाने तिची माती होते. आपल्याला दिसलेला प्रकार नेमका हाच आहे. ओली आणि कोरडी जमीन नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येते. ओलीचा रंग ठळकपणे गडद असतो.

यापुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि बहुतेक जण तो पाहतच नाहीत. खेळ जगाचे 16 बाय 16 बाय 16, म्हणजे 4096 ब्लॉकांचे घन पाडतो आणि सेकंदाला वीस वेळा, जावा आवृत्तीच्या (संगणकावरच्या मूळ माइनक्राफ्टच्या) ठरलेल्या सेटिंगनुसार, प्रत्येक घनातले तीन ब्लॉक यदृच्छया निवडतो. या हिशेबाने एखाद्या रोपाची पाळी सरासरी 68 सेकंदांनी येते. पाळी आली म्हणजे रोप वाढलेच असे नाही. त्या वेळी खेळ त्या जागेला गुण देतो आणि त्या गुणांवरून वाढीची शक्यता काढतो. सुरुवातीचा 1 गुण सगळ्यांना मिळतो. रोपाखालची जमीन ओली असेल तर आणखी 3, कोरडी असेल तर फक्त 1. भोवतीच्या आठ ब्लॉकांपैकी प्रत्येक ओल्या नांगरलेल्या ब्लॉकाबद्दल पाऊण गुण, कोरड्याबद्दल पाव गुण. शेजारची जमीन पेरलेली असण्याची गरज नाही, नांगरलेली असली की पुरे. असे जास्तीत जास्त 10 गुण होतात. मग 25 ला या गुणांनी भागायचे, अपूर्णांक सोडून द्यायचा आणि 1 मिळवायचा. जो आकडा येईल तितक्या पाळ्यांमागे सरासरी एकदा रोप वाढते. दहा गुणांना तो आकडा 3 येतो.

या हिशेबात एक अट दडलेली आहे. ज्या रोपाच्या पूर्व-पश्चिम बाजूलाही तेच पीक आहे आणि उत्तर-दक्षिण बाजूलाही तेच पीक आहे, किंवा ज्याच्या तिरप्या कोपऱ्यात तेच पीक आहे, त्याचे गुण निम्मे होतात. सलग गव्हाच्या वाफ्यात जवळपास प्रत्येक रोप या अटीत सापडते. दहाचे पाच गुण झाले की तीनऐवजी सहा पाळ्या लागतात. यावर उपाय अगदी साधा आहे: पिके ओळींनी आलटून पालटून लावायची. एक ओळ गव्हाची, पुढची गाजराची, पुन्हा गव्हाची, असे केले की गव्हाच्या रोपाला आपल्याच ओळीत दोन्ही बाजूंना गहू दिसतो, पण शेजारच्या ओळींत आणि तिरप्या कोपऱ्यांत गाजर दिसते, आणि गुण कापले जात नाहीत.

गहू पेरल्यापासून पिकेपर्यंत सात वेळा वाढावा लागतो. तेव्हा ओल्या जमिनीत आलटून पालटून लावलेला, चारही बाजूंनी शेतजमिनीने वेढलेला गहू सरासरी 24 मिनिटांत पिकतो, म्हणजे खेळातल्या 20 मिनिटांच्या एका दिवसापेक्षा थोडा अधिक वेळ. त्याच ओल्या जमिनीत सलग गहू लावला तर 48 मिनिटे. कोरड्या जमिनीत आलटून पालटून लावला तर 56 मिनिटे. आणि कोरड्या जमिनीत सलग लावला, म्हणजे आपल्या घरातल्या आठ ओळींत आज जे चालू आहे ते, तर 104 मिनिटे. हे सगळे सरासरीचे आकडे आहेत. एखादे रोप लवकर पिकेल, शेजारचे मागे राहील, आणि तसे होणे हा बिघाड नव्हे. पण 24 आणि 104 यांतला फरक नशिबाचा नाही. तो मांडणीचा आहे, आणि काचेचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.

याच गुणांच्या हिशेबातून चराचाही निकाल लागतो. सलग चराला लागून असलेल्या ओळीतल्या रोपाच्या भोवती आठऐवजी पाचच ब्लॉक शेतजमिनीचे राहतात, गुण 7.75 होतात आणि तीनऐवजी चार पाळ्यांमागे एकदा वाढ होते. भिंतीलगतच्या ओळींचेही असेच असते, आणि अगदी कोपऱ्यातल्या रोपाला पाच पाळ्या लागतात. मध्यभागी पाण्याचा एकच ब्लॉक असेल तर मात्र त्याच्या शेजारच्या रोपांना सात ब्लॉक शेतजमिनीचे उरतात, गुण 9.25 होतात, भागाकारातला अपूर्णांक सुटतो आणि आकडा पुन्हा 3 येतो. म्हणजे एकटा पाण्याचा ब्लॉक शेजारच्यांचे काहीच नुकसान करत नाही, तर लांब चर दोन्ही बाजूंच्या ओळींना मंद करतो आणि वर जागाही खातो. ज्यांना उसासाठी पाण्याचा काठ हवा असेल त्यांनी चर जरूर ठेवावा. उसाला प्रकाशाची अट नाही, पाण्याचा शेजार हवा, आणि छताखाली पाणी गोठत नसल्यामुळे बर्फाळ प्रदेशातही ऊस निर्धास्त वाढतो. गव्हासाठी आणि गाजरासाठी मात्र माझे मत निःसंदिग्धपणे एकट्या ब्लॉकाच्या बाजूने आहे.

म्हणून 13 बाय 13 चे घर डागडुजी करून वापरण्यापेक्षा आतून 9 बाय 9 चे घर नव्याने बांधावे, असे मी सुचवेन. बाहेरून ते 11 बाय 11 होते. भिंती तीन ब्लॉक उंच पुरतात: खालची ओळ लाकडी फळ्यांची किंवा दगडाची, वरच्या दोन ओळी काचेच्या पातळ तावदानांच्या. सहा काचांपासून सोळा तावदाने होतात, त्यामुळे भिंतींत सबंध काच वापरणे म्हणजे वाळूची उधळपट्टी आहे. छताला मात्र सबंध काचच हवी, कारण तावदान आडवे बसत नाही. चार कोपऱ्यांत लाकडी खांब आणि एक दार धरले तर भिंतींना 71 तावदाने लागतात, म्हणजे पाच वेळा घडवून 30 काचा. आतल्या छताला 81. एकूण 111 वाळूचे ब्लॉक भाजायचे. एका कोळशावर आठ वस्तू भाजल्या जातात, म्हणून 14 कोळसे लागतील, आणि एकाच भट्टीत हे काम साडेअठरा मिनिटांचे आहे. दोन-तीन भट्ट्या लावल्या तर वाट पाहावी लागत नाही. लाकूड भट्टीत जाळून केलेला कोळसाही तितकाच चालतो. बर्फाळ मैदानात वाळू मिळणे अवघड असते, त्यामुळे जवळचा समुद्रकिनारा किंवा नदीकाठ गाठून एकाच खेपेत वाळू आणणे बरे. जुन्या घराची काच फोडून वापरण्याचा विचार असेल तर सिल्क टच जादू असलेले, म्हणजे ब्लॉक अखंड काढणारे, हत्यार हाती असल्याशिवाय तसे करू नये. साध्या हत्याराने फोडलेल्या काचेतून काहीच परत मिळत नाही.

रंगीत काच वापरायला हरकत नाही, तिच्यातून प्रकाश साध्या काचेइतकाच येतो. पण अ‍ॅमेथिस्टचे तुकडे मिसळून केलेली गडद काच, जी 1.17 आवृत्तीपासून आली, ती दिसायला पारदर्शक असली तरी प्रकाश पूर्ण अडवते. छतासाठी ती चुकूनही वापरू नये.

बांधकामाचा क्रम असा ठेवावा की पाणी शेवटी येईल. आधी जागा सपाट करावी, भिंती आणि छत पूर्ण करावे, आणि मगच मधोमध एक ब्लॉक खणून बादलीभर पाणी ओतावे. पाणी आधी ओतून छत दुसऱ्या दिवसावर टाकले तर दरम्यान ते गोठू शकते. पाण्याच्या जागी वरच्या अर्ध्यात बसवलेला स्लॅब ठेवून त्याच ब्लॉकात पाणी ओतण्याची सोय 1.13 पासून आहे. असा पाण्याने भरलेला स्लॅबही जमिनीला तितकाच ओलावा देतो. मी हा मार्ग आग्रहाने सुचवतो, कारण उघड्या खड्ड्यात पाय गेला की बाहेर येताना उडी मारावी लागते आणि उडी नांगरलेल्या जमिनीवर पडली की जमिनीची माती होऊन रोप उपटते. नुसते चालण्याने पीक तुडवले जात नाही, त्यामुळे वाफ्यांमध्ये पायवाटा सोडण्याची गरज नाही. त्याच कारणासाठी दाराचा उंबरठा शेतजमिनीच्या पातळीतच ठेवावा. दारातून एक ब्लॉक खाली उतरावे लागत असेल, तर त्या एका जागेचे पीक वारंवार नष्ट होत राहील.

प्रकाशाबद्दल नियम असा आहे की रोपावर किमान 9 इतका प्रकाश हवा. काचेच्या छतावर उघडे आकाश असेल तर दिवसा तो 15 असतो आणि काच त्यात काही घट करत नाही. रात्रीच्या आकाशाचा प्रकाश पिकांसाठी कसा मोजायचा, हे आवृत्त्यांनुसार बदलत आलेले आहे, आणि वर दुसरा मजला चढवला किंवा घर दरीत वा भूमिगत बांधले तर आकाशाचा आधारच राहत नाही. म्हणून दिव्यांच्या जोरावरच सर्वत्र 9 मिळेल अशी मांडणी करावी, हे माझे धोरण आहे. इथे पुष्कळ जण छताच्या मधोमध एकच ग्लोस्टोन (उजेड देणारा ब्लॉक) किंवा कंदील लावून मोकळे होतात. दिव्याचा प्रकाश दर ब्लॉकामागे एकाने कमी होतो आणि अंतर तिरके न मोजता आडवे अधिक उभे असे मोजले जाते. 15 प्रकाशाचा दिवा रोपांच्या पातळीपेक्षा दोन ब्लॉक वर टांगला की 9 प्रकाश केवळ चार ब्लॉक अंतरापर्यंत पोहोचतो, आणि 80 पैकी 40 रोपे अंधारात राहतात.

योग्य मांडणी चार कंदिलांची आहे. मधल्या पाण्यापासून प्रत्येक दिशेला दोन ब्लॉक आणि तिथून काटकोनात दोन ब्लॉक, अशा चार जागी छताच्या काचेखाली कंदील टांगावेत. काचेला कंदील टांगता येतो. अशा रचनेत कोणतेही रोप कुठल्या ना कुठल्या कंदिलापासून आडव्या अंतराने चार ब्लॉकांपलीकडे जात नाही, आणि सर्वांत दूरच्या रोपावरही बरोबर 9 प्रकाश पडतो. इथे मशाल चालणार नाही. तिचा प्रकाश 14 असल्यामुळे कोपऱ्यांत 8 च पोहोचेल. एक कंदील करायला आठ लोखंडी गोळ्या आणि एक मशाल लागते, आणि लोखंडाच्या एका विटेपासून नऊ गोळ्या होतात, तेव्हा चार विटांमध्ये काम भागते.

या चार कंदिलांचा बर्फाळ मैदानात आणखी एक लाभ होतो. ज्या जागी दिव्यांचा प्रकाश 10 किंवा अधिक आहे, तिथे बर्फाचा थर साचत नाही. कंदिलाचा प्रकाश काचेतून वर जातो, आणि आतल्या छताच्या 81 ब्लॉकांपैकी 72 ब्लॉकांवर तो इतका असतो की त्यावर बर्फ धरतच नाही. उरलेले नऊ ब्लॉक म्हणजे अगदी मधला, चार कोपरे आणि चार बाजूंचे मध्यबिंदू. तेवढा बर्फ हाताने झाडला तरी चालतो. संगणकावर जावा आवृत्ती खेळत असाल तर एफ3 ची कळ दाबून जिथे उभे आहोत तिथला आकाशाचा आणि दिव्यांचा प्रकाश वेगवेगळा पाहता येतो; कंदील लावल्यावर चारही कोपऱ्यांत उभे राहून दिव्यांचा आकडा 9 दिसतो का, हे एकदा तपासून घ्यावे.

पेरणीसाठी नऊ ओळींपैकी पाच गव्हाच्या आणि चार गाजराच्या किंवा बटाट्याच्या ठेवाव्यात. बीटही चालते. कलिंगड आणि भोपळा मात्र या घरात घेऊ नयेत, असे माझे मत आहे: त्यांचे फळ शेजारच्या ब्लॉकावर धरते, तिथल्या नांगरलेल्या जमिनीची माती करते आणि ओळींची सगळी शिस्त मोडते. त्यांच्यासाठी वेगळा वाफा बरा. हाच आक्षेप खेळातल्या शेतकरी गावकऱ्याला आत ठेवण्याबद्दलही आहे. तो पिकलेले पीक काढून पुन्हा पेरतो हे खरे, पण त्याच्याजवळ जे बी असेल ते तो पेरतो, ओळ पाहत नाही, आणि काही दिवसांत आलटून पालटून लावलेल्या ओळींचा खिचडा होतो. गावकऱ्याकडून शेती करून घ्यायची असेल तर एकाच पिकाचा मोठा वाफा त्याच्या हवाली करावा आणि वाढ मंद राहणार हे स्वीकारावे.

या घरात ठेवण्याजोगा खरा मदतनीस मधमाशी आहे. 1.15 आवृत्तीपासून आलेल्या मधमाश्या फुलावरून पराग घेऊन पोळ्याकडे परतताना ज्या पिकांवरून जातात त्यांची वाढ एका टप्प्याने पुढे ढकलतात, आणि एका फेरीत अशी दहा रोपांपर्यंत मदत होते. त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेत शेत यावे म्हणून पोळे एका भिंतीशी आणि फुलांच्या कुंड्या नव्हे, तर जमिनीत लावलेली खरी फुले समोरच्या भिंतीशी ठेवावीत. त्यासाठी त्या टोकाचे दोन-तीन ब्लॉक पिकाखालून सोडावे लागले तरी सौदा फायद्याचा आहे. बर्फाळ प्रदेशात मधमाश्या आपोआप आढळत नाहीत, म्हणून फुलांच्या मैदानातून पोळे आणावे लागते. रात्री, तिन्ही माश्या आत असताना, सिल्क टचच्या हत्याराने पोळे काढले की त्या पोळ्यासकट सोबत येतात. एका पोळ्यात तीनच माश्या राहतात, तेव्हा 80 रोपांसाठी दोन पोळी ठेवली तर जास्त नाहीत. पाऊस किंवा बर्फ पडत असताना आणि रात्री त्या कामावर जात नाहीत; दार उघडे राहिले तर बाहेर जातात, म्हणून दार बंद ठेवण्याची सवय लावून घ्यावी. मध काढताना पोळ्याखाली शेकोटी पेटलेली असावी, नाहीतर माश्या चवताळतात, आणि डंख मारलेली माशी मरते.

हाडांच्या चुऱ्याने गहू, गाजर किंवा बटाट्याचे रोप एकदम दोन ते पाच टप्पे पुढे जाते, पण तो रोजच्या वापरात आणू नये. पहिली पेरणी लवकर हाती यावी म्हणून वापरणे वेगळे. जास्तीचे बी कंपोस्टरमध्ये (बी-पाल्याचा असा चुरा करणाऱ्या पेटीत) टाकत राहिले तर चुरा हळूहळू जमत राहतो. कापणीसाठी फॉर्च्युन जादूचे हत्यार वापरले तर गाजरे, बटाटे आणि बी अधिक मिळते, मात्र गव्हाच्या लोंबीत त्याने वाढ होत नाही.

झोपून रात्र काढली की पीक वाढलेले मिळेल, हा समज फार पसरलेला आहे. झोपल्याने घड्याळ पुढे सरकते, पण दरम्यानच्या पाळ्या रोपांना मिळत नाहीत. झोपण्यापूर्वी रोप जिथे होते तिथेच ते सकाळी असते. तसेच आपण फार दूर खाणीत किंवा दुसऱ्या प्रदेशात गेलो की हरितगृहाचा भाग खेळात चालू राहत नाही आणि वाढ थांबते. म्हणून सुंदर जागा शोधत दूर जाण्यापेक्षा जिथे आपण बराच वेळ काम करतो, भट्ट्या आणि पेट्या जिथे आहेत, त्याच्या जवळच हे घर बांधावे.

ज्यांना काचेतून खरोखर ऊब मिळणारा खेळ हवा आहे, त्यांच्यासाठी व्हिंटेज स्टोरी हा याच धाटणीचा ठोकळ्यांचा खेळ आहे. तिथे ऋतू आणि तापमान पिकांना लागू असतात. पूर्ण बंद खोली बांधून तिच्या छताचा अर्ध्याहून अधिक भाग काचेचा ठेवला, तर आतल्या पिकांना बाहेरच्यापेक्षा 5 अंश सेल्सिअस जास्त तापमान मिळते. एखादी फट राहिली तर ती खोली हरितगृह म्हणून धरली जात नाही. तिथला सल्ला इथे आणि इथला तिथे लावू नये. दुहेरी काच आणि भट्ट्यांबद्दलच्या अनेक गैरसमजुती अशा सरमिसळीतूनच पसरतात.

पुढे घर वाढवायचे झाल्यास दुसरे 9 बाय 9 चे चौकोनी घर वेगळे न बांधता पहिल्याची एक भिंत काढून त्याला जोडावे. नवे पाणी आधीच्या पाण्यापासून नऊ ब्लॉकांवर येईल, चार कंदिलांची रचना जशीच्या तशी पुन्हा करायची आणि ओळींचा क्रम न मोडता पुढे न्यायचा. मधली भिंत गेल्यामुळे दोन्हीकडच्या कडेच्या रोपांना शेजारची जमीन मिळते आणि चारऐवजी तीन पाळ्यांमागे एकदा वाढ होऊ लागते. आपल्याकडे वाळू आणि जागा दोन्ही असतील, तर आधी एक चौकोन बांधून त्यातली एक कापणी घ्यावी, कोपऱ्यांतला प्रकाश आणि जमिनीचा रंग तपासावा, आणि मगच जोडकामाला हात घालावा.